जडपणा वेगळा, दूषितपणा वेगळा

लास व्हेगसच्या नळाच्या पाण्यावरचा लेख वाचला. त्यात ते पाणी सरसकट ‘विषारी’ ठरवून ‘उकळून प्या’ असं सांगितलंय, ते पटलं नाही. नळाच्या तोंडावर साचणारा पांढरा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजे पाण्याच्या जडपणाचा. कोलोरॅडो नदी खडकांतून वाहताना हे क्षार घेऊन मीड सरोवरात येते आणि शहराचं सुमारे ९० टक्के पाणी तिथूनच. जड पाण्याने गीझरची वाट लागते हे खरं, पण जडपणा म्हणजे रोग नव्हे.

खरी गंभीर गोष्ट लेखात एका ओळीत उरकलीय: परक्लोरेट हे रसायन. शेजारच्या हेंडरसनमधल्या कारखान्यांत रॉकेटच्या इंधनासाठी अमोनियम परक्लोरेट बनायचं. ते जमिनीत मुरलं, लास व्हेगस वॉश या ओढ्यातून सरोवरात उतरलं आणि १९९७ मध्ये पाण्यात सापडलं. ते थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाही, म्हणून गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांची काळजी जास्त. भूजल उपसून शुद्ध करायला लागल्यापासून प्रमाण खूप घटलंय, हेही लिहायला हवं होतं.

आणि ‘उकळून प्या’ हा सल्ला कोणी दिला? उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिकसारखं विष किंवा परक्लोरेट तसंच राहतं, उलट पाणी आटून थोडं दाटच होतं. साध्या कार्बन फिल्टरने क्लोरीनचा वास जातो, आर्सेनिकसाठी आरओच बरा. आरओत पाणी वाया जातं म्हणाल, तर या शहरात घरातल्या मोरीत गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध होऊन पुन्हा सरोवरातच जातं. वाया जातं ते अंगणातल्या हिरवळीवर.