ब्रूस ब्राउन गेला तो कंजूषपणामुळे नव्हे

डेन्व्हर नगेट्स या बास्केटबॉल संघाबद्दल एक समज एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणाऱ्यांत पक्का रुजला आहे. १२ जून २०२३ ला मायामी हीटला ४-१ ने हरवून नगेट्सनी आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि लगेच मालक क्रॉन्की कुटुंबाने पैसे वाचवण्यासाठी तो संघ मोडला, असा तो समज. पुरावा म्हणून दोन नावं पुढे केली जातात: २०२३ च्या उन्हाळ्यात गेलेला ब्रूस ब्राउन आणि २०२४ मध्ये गेलेला केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, म्हणजे सगळ्यांचा केसीपी. संघाचा तारा निकोला योकिच याच्या ऐन भरातल्या वर्षांबद्दलची हळहळ मलाही आहे. पण ही दोन प्रकरणं एका माळेत ओवणं चूक आहे. पहिल्या वेळी संघाचे हात नियमांनी बांधलेले होते. दुसऱ्या वेळी नव्हते.

आधी ब्राउन. त्याच्या जाण्याचं दुःख समजण्यासारखं आहे. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याने २१ गुण केले, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरमध्ये. पाचव्या सामन्यात शेवटची दीड मिनिटं उरली असताना रिबाउंड मिळवून त्याने टाकलेल्या बास्केटने डेन्व्हरला आघाडी मिळाली. असा खेळाडू महिनाभरात इंडियाना पेसर्सकडे जातो, तेव्हा राग मालकावर निघणारच. इंडियानाने त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी ५० लाख डॉलर दिले, पहिल्या वर्षाचे २ कोटी २० लाख. ‘मग डेन्व्हरने तेवढे का दिले नाहीत?’ हा प्रश्न इथूनच येतो.

उत्तर सरळ आहे: देण्याची परवानगीच नव्हती. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, आयपीएलच्या लिलावातल्या रकमेसारखी कडक नसते. कॅप ओलांडूनही संघ स्वतःच्या खेळाडूंना ठेवू शकतो, पण त्यासाठी त्या खेळाडूवर ‘बर्ड हक्क’ लागतात आणि पूर्ण बर्ड हक्क मिळायला साधारणपणे तीन हंगाम जावे लागतात. दोन हंगामांत अर्धवट हक्क मिळतात. ब्राउन डेन्व्हरकडे एकच हंगाम खेळला होता, सुमारे ६५ लाख डॉलरवर. अशा खेळाडूला कॅपच्या वर असलेला संघ जुन्या पगाराच्या १२० टक्क्यांपर्यंतच पगार देऊ शकतो. ते होतात जेमतेम ७८ लाख. एका बाजूला ७८ लाख, दुसऱ्या बाजूला २ कोटी २० लाख. दर मोसमात नवा करार शोधणाऱ्या खेळाडूने यातलं काय निवडावं?

‘मग कॅपखाली जागा करायची’, असंही सांगितलं जातं. २०२३-२४ ची कॅप होती १३ कोटी ६० लाख डॉलर. योकिच, जमाल मरे, मायकेल पोर्टर ज्युनियर, आरोन गॉर्डन आणि केसीपी या पाच जणांचेच पगार १५ कोटींच्या पुढे जात होते. ब्राउनसाठी जागा करायची तर विजेत्या पाचांतलाच कुणीतरी विकावा लागला असता. तसं केलं असतं तर संघ मोडल्याचा आरोप खरा ठरला असता. मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅपच्या वरच्या संघालाही ठरावीक रकमेपर्यंत करार करू देणारी सवलत, ही आणखी एक वाट होती, पण ती पूर्ण वापरली तरी १ कोटी २४ लाखांच्या पुढे जाता येत नव्हतं, आणि ती वापरली की पहिल्या एप्रनच्या, म्हणजे कॅपच्याही वर आखलेल्या पगारखर्चाच्या रेषेच्या, खाली राहण्याची सक्ती येते. या पाच पगारांसह ते जमणारं नव्हतं.

कंजूषपणाच्या आरोपावर फार लिहायची गरज नाही. विजेतेपदाच्या हंगामात आणि त्यानंतरच्या हंगामातही या मालकांनी लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारखर्च ठरावीक पातळीच्या वर गेला की लीगला द्यावा लागणारा दंड, भरला. ‘ब्राउन गेला आणि संघ ढासळला’ हेही तपासून बघा. विजेतेपदाच्या हंगामात डेन्व्हरने ५३ सामने जिंकले होते, ब्राउनविना ५७. प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध सातव्या सामन्यात २० गुणांची आघाडी घालवून ते हरले, हे खरं. राखीव फळी पातळ होती आणि ब्राउनची उणीव भासली, हेही खरं. पण उणीव भासणं वेगळं आणि ती मुद्दाम ओढवून घेणं वेगळं.

आता केसीपी. इथे मी मालकांची किंवा तेव्हाचे जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ यांची वकिली करणार नाही. केसीपीवर डेन्व्हरकडे पूर्ण हक्क होते. ऑर्लँडोने तीन वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख दिले. डेन्व्हर तेवढे देऊ शकत होतं. दिले असते तर संघ दुसऱ्या एप्रनच्या, म्हणजे पहिल्याहून वरच्या रेषेच्या, वर गेला असता. तिथे दंड फक्त पैशांचा नसतो. मिड-लेव्हल हातची जाते, ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, गोठतो (ट्रेडमध्ये देता येत नाही). तरीही तो निवडीचा प्रश्न होता, सक्तीचा नव्हता.

निवड चुकली का? केसीपीच्या जागी आलेल्या क्रिश्चन ब्राउनची दर सामन्याची सरासरी ७.३ गुणांवरून १५.४ वर गेली. (दोघांचं आडनाव मराठीत सारखंच लिहिलं जातं, पण हा वेगळा खेळाडू.) केसीपी स्वतः ऑर्लँडोत ९ गुणांच्याही खाली राहिला आणि वर्षभरात त्याला मेम्फिसकडे पाठवलं गेलं. केसीपी गेल्यानंतरचा पहिला हंगाम डेन्व्हरसाठी ओक्लाहोमा सिटीविरुद्ध सातव्या सामन्यात संपला, आणि तीच ओक्लाहोमा सिटी पुढे विजेती ठरली. केसीपी असता तर निकाल फिरला असता, असं आकडे पाहून तरी मला वाटत नाही.

२०२५ मध्ये ब्रूस ब्राउन किमान पगारावर डेन्व्हरला परतला, तेव्हा ‘बघा, स्वस्तात राहिला असता’ असं पुन्हा ऐकू आलं. इंडियानाचा करार पदरात पडल्यानंतर, टोरंटो आणि न्यू ऑर्लिन्समार्गे तो परतला होता. २०२३ मधल्या ब्राउनकडून तेवढ्याच पगाराची अपेक्षा धरणं त्याच्यावरच अन्याय आहे.

राग काढायचाच असेल तर तो योग्य ठिकाणी काढा. खेळायला फारशी मिनिटं न मिळणाऱ्या झीक नाजीला ऑक्टोबर २०२३ मध्ये चार वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला गेला. त्याची सक्ती कोणत्याच नियमाने केली नव्हती. २०२३ मध्ये रेगी जॅक्सनला दोन वर्षांसाठी घेतलं आणि वर्षभरातच शार्लटने तो पगार उचलावा म्हणून त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीचे तीन पिक देऊन टाकले. योकिचभोवती स्वस्त, उपयोगी खेळाडू उभे करायला लागणारा पैसा आणि पिक या दोन करारांत गेले, आणि त्यांवर सही बूथ यांच्या कार्यालयाची होती.