कुणी हात लावला नव्हता

दोन्ही हात डोक्यामागे घेऊन मी खुर्चीत रेलून बसलो होतो. कीबोर्ड हातभर लांब. तरी टर्मिनल चालूच. कंपायलिंग. कंपाइल्ड. कंपायलिंग. कंपाइल्ड. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावत होता की आता टेबलासकट वर जाईल.

वेबपॅक म्हणजे वेबसाइटच्या कोडच्या फाइली एकत्र बांधणारं साधन; या बांधणीला म्हणतात बिल्ड. फाइलींवर नजर ठेवणाऱ्या त्याच्या वॉच मोडचा आपल्याशी साधा करार असतो: तू फाइल बदललीस की मी बिल्ड करीन, नाहीतर गप्प बसेन. हा गप्प बसायला तयार नव्हता.

संशय अर्थातच आधी दुसऱ्यांवर. एडिटरचं ऑटोसेव्ह बंद केलं. फॉरमॅटर बंद केला. नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचं, अख्खं फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल केलं. हा आमच्या धंद्यातला रामबाण उपाय, फक्त त्यात राम नसतो.

शेवटी वॉचरन हुकमध्ये, म्हणजे दर बिल्डच्या आधी आपला कोड चालवायच्या जागी, कंपायलरच्या मॉडिफाइडफाइल्स (बदललेल्या फाइलींची नावं) छापून बघितल्या. दर फेरीला एकच नाव. आयकॉन्सच्या फोल्डरमधली नावं गोळा करून जी यादी तयार होते, ती फाइल. ती लिहितं एक प्लगिन, म्हणजे वेबपॅकला जोडलेला छोटा प्रोग्राम. आणि ते प्लगिन लिहिलंय मी.

दर बिल्डला हे महाशय यादी नव्याने लिहीत. मजकूर अक्षरन्‌अक्षर तोच असणार, पण फाइलवरची वेळ नवी. वॉचर आत डोकावत नाही, वेळ बघतो आणि बिल्ड सुरू करतो. बिल्ड झाला की प्लगिन पुन्हा लिहितं. वॉचरला दोष तरी काय द्यायचा? १९७६ सालचं ‘मेक’ हे बिल्डचं साधनसुद्धा फाइलची वेळ बघूनच काम ठरवायचं.

मग मी ती फाइल वॉचऑप्शन्सच्या इग्नोर्डमध्ये, म्हणजे दुर्लक्ष करायच्या फाइलींत, टाकली. शांतता! दुपारी नवा आयकॉन टाकला, तर तो पानावर येईचना. बरोबरच आहे, ज्या फाइलकडे बघू नकोस म्हणून मीच बजावलं होतं, तिच्यात तो होता. रोग म्हशीला, औषध पखालीला.

आता शहाण्यासारखं केलं. लिहिण्याआधी जुना मजकूर वाचायचा, नव्याशी ताडून बघायचा, फरक असेल तरच लिहायचं. चार ओळींचं काम. चालवलं.

कंपायलिंग. कंपाइल्ड. कंपायलिंग.

आता मात्र मी ती फाइल उघडली. इतका वेळ फक्त तिचं नाव वाचत होतो. पहिलीच ओळ कॉमेंटची: ‘ही फाइल आपोआप तयार झाली आहे!’ आणि पुढे तारीख, तास, मिनिटं, सेकंद, मिलिसेकंद. म्हणजे मजकूर दर वेळी खरोखरच वेगळा. हा उद्योग कुणाचा म्हणून गिट ब्लेम केलं, म्हणजे ती ओळ कुणी लिहिली ते बघितलं. माझाच. कमिटचा, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा, मेसेज होता ‘छोटीशी सुधारणा’. उद्गारचिन्हही माझंच.

ती ओळ काढली. एकदा कंपाइल्ड आलं, आणि पुढे काहीच नाही. पंखा हळूहळू थांबला. पाच मिनिटं झाली तरी टर्मिनल ढिम्म. मेलं की काय? एका फाइलमध्ये स्पेस टाकून सेव्ह केलं. कंपाइल्ड, एकदाच. स्पेस काढून सेव्ह केलं. पुन्हा एकदाच. असे सात-आठ विनाकारण बिल्ड स्वतःच्या हाताने केले, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.