स्पाइक, कोटा फरशी आणि घुमणारा डग्गा: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय आला त्याच दिवशी वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी दुकानातच एक गोष्ट तपासून पाहायची होती. तुम्ही लिहिलंय की आमच्या जेल रोडच्या दुकानातून स्पीकरबरोबर २,४०० रुपयांचा स्पाइकचा, म्हणजे स्पीकरखाली लावायच्या टोकदार पोलादी पायांचा, सेट घेतला, ‘बेस एकदम टाइट होईल’ असं आमच्या मुलानं सांगितलं, घरी आवाजात काडीचाही फरक पडला नाही आणि कोटा फरशीवर आठ खड्डे मात्र पडले. ‘खिळे विकून लोकांना फसवता’ असंही लिहिलंय.

आधी फरशीचं. तिथं चूक सगळी आमची आहे. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, पोलादापुढे मऊच. तुमचा एकेक स्पीकर २२ किलोचा. चार टोकांवर वाटला तरी प्रत्येक टोकावर साडेपाच किलो, आणि ते टोक जेमतेम एक चौरस मिलिमीटरचं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेपाचशे किलोचा दाब. प्रत्येक स्पाइकखाली पितळी चकती ठेवायलाच हवी होती. ती आमच्याकडे असते, मुलानं दिली नाही, आणि बिल करताना मीही विचारलं नाही. तुमचे २,४०० रुपये परत करतो. फरशीची घिसाई करणारा आमच्या ओळखीचा कारागीर आहे, त्याला आमच्या खर्चानं पाठवतो. काकूंना माझ्याकडून माफी सांगा.

आता आवाजाचं. तुमचं एक वाक्य मनात राहिलं: ‘दुकानात फरक ऐकू आला, घरी नाही.’ सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी आणि तो मुलगा डेमोच्या खोलीत बसलो. तिथं जाड गालिचा आहे, खाली नमद्याचा थर. स्पीकरच्या माथ्यावर बोट ठेवून हलकं ढकललं, तर डबा डुलत होता. स्पाइक लावले, टोकं गालिच्यातून खालच्या फरशीला टेकली आणि डुलणं थांबलं. तुम्हाला इथं जो फरक जाणवला तो याचा. मग गालिचा गुंडाळून ठेवला आणि तेच स्पीकर उघड्या फरशीवर लावले, एकदा रबरी पायांवर, एकदा स्पाइकवर. रबराखाली लाकडी ठोकळे देऊन उंची सारखी केली, कारण स्पीकर बोटभर वर गेला तरी ट्विटर (बारीक, वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) आणि कान यांची रेषा बदलते आणि आवाज वेगळा वाटतो. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. सहा वेळा आलटून पालटून ऐकवलं. कधी काय लावलंय, हे त्याला एकदाही खात्रीनं सांगता आलं नाही. मग मी पट्टी बांधून बसलो. मलाही नाही.

कारण साधं आहे. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, हलणारा शंकू आणि त्याची कॉइल मिळून १५-२० ग्रॅमची. डबा २२ किलोचा, म्हणजे हजारपटीहून जड. शंकू पुढं जाताना डब्याला मागं रेटतो खरा, पण इतक्या वजनाला तो धक्का नगण्य. डबा कडक फरशीवर नीट बसलेला असेल तर स्पाइकला सुधारायला फारसं काही उरतच नाही. आम्हाला माल देणारे लोक वर्षानुवर्षं सांगत आले की स्पाइक म्हणजे एकमार्गी रस्ता, कंपनं डब्यातून जमिनीत जातात आणि परत येत नाहीत. तसं नसतं, कंपनं दोन्हीकडे जातात. आम्ही न तपासता तेच गिऱ्हाइकांना सांगत राहिलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. सोमवारपासून डेमो देण्याआधी विचारतो, ‘घरी खाली काय आहे?’ फरशी असेल तर गालिचा काढूनच ऐकवतो.

पण ‘फसवणूक’ हा शब्द मला मान्य नाही. गालिच्यावर ठेवलेल्या उंच, निमुळत्या स्पीकरला स्पाइक हवेतच. खडबडीत फरशीवर एक पाय अधांतरी राहतो, तिथं पेचानं वरखाली करून पातळी साधता येते. याउलट राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यात, माडीवरच्या फळ्यांच्या जमिनीवर, मी स्वतः स्पाइक काढून रबराच्या जाड गाद्या दिल्यात, कारण अख्खी जमीनच स्पीकरबरोबर वाजायला लागली होती. वस्तू खोटी नाही. तुमच्या घरासाठी ती चुकीची होती.

आणि तुमचा मूळ त्रास तर तसाच राहिला. तुम्ही लिहिलंय की अमीर खाँसाहेबांची विलंबित लावली की झूमरा तालात डग्गा घुमतो आणि मंद्रातले स्वर एकमेकांत मिसळून जातात. आपल्या इंदूरच्या माणसाचं गाणं इंदूरच्याच घरात असं ऐकू यावं, हे मलाही सहन होत नाही. यात स्पीकरचा दोष नाही. तुम्ही खोली १२ बाय १२ सांगितलीत. भिंतीभिंतींत १२ फूट म्हणजे साधारण ४७ हर्ट्झला आवाज खोलीत अडकून फुगतो, आणि त्याच्या दुपटीला, ९४ च्या आसपास, पुन्हा. खोली चौरस, म्हणून लांबीचा आणि रुंदीचा फुगवटा एकाच जागी पडतो. त्यात एक स्पीकर कोपऱ्यात आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. बेस सगळ्यात जास्त साचतो तो भिंतीशी आणि कोपऱ्यात. जाड पडदे लावून हे जाणार नाही, ४७ हर्ट्झची एक लाट २४ फुटांची असते.

स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं घ्या आणि कोपऱ्यातला बाहेर काढा. सोफाही भिंतीपासून फूट-दीड फूट सरकवा, पण खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथं खालचे स्वर गायबच होतात. यात एक रुपयाही खर्च नाही. दिवाणामुळे जागा नाही असं म्हणाल, तर दिवाणाची बाजू बदलता येते का ते आपण मिळून पाहू.

गुरुवारी संध्याकाळी सातनंतर मी स्वतः येतो, मुलालाही आणतो. चकत्या, लेव्हल आणि टेप बरोबर असेल. स्पाइक काढून मूळचे रबरी पाय लावून देतो. तोपर्यंत स्पीकर जागेवरून ओढू नका. हलवायचाच झाला तर दोघांनी मिळून उचला, नाहीतर खड्ड्यांच्या जागी चरे पडतील.