पेबल खाण आणि सॅमन एकत्र नांदणार नाहीत

अलास्कातल्या प्रस्तावित पेबल तांबे-खाणीच्या बाजूने एक युक्तिवाद सारखा फिरतो: विजेवरच्या गाड्यांना तांबं लागणारच, खाण ब्रिस्टल बेच्या समुद्रापासून खूप आत आहे, लहान आहे, आधुनिक आहे, आणि विरोध बाहेरच्या पर्यावरणवाद्यांचा आहे. यातलं तांबं लागणार हे खरं, पण ते जगात इतरत्रही आहे.

समुद्रापासून आत आहे, हीच तर खरी अडचण. सॉकआय जातीचा सॅमन मासा अंडी घालतो ती नद्या-तलावांच्या गोड्या पाण्यात, आणि पेबलचा साठा नेमका नुशागाक आणि क्विचॅक नद्यांच्या उगमाकडे आहे. जगातले जवळपास निम्मे सॉकआय ब्रिस्टल बेच्या खोऱ्यात परततात. २०२२ मध्ये ते आठ कोटींच्या घरात होते. दोन-तीन वर्षं समुद्रात काढलेला मासा आपला जन्माचा ओढा शोधतो तो वासावरून. पाण्यात विरघळलेलं तांबं अब्जात दोन-तीन भाग वाढलं, तरी ही घ्राणशक्ती मंदावते. पिल्लांना शिकारी माशाची चाहूलही वासावरूनच लागते. म्हणजे मासा मरून तरंगलेला दिसला नाही, म्हणून पाणी ठीक आहे असं होत नाही.

आता ‘आधुनिक’. इथल्या खनिजात तांबं अर्ध्या टक्क्याहून कमी. उरलेला दळलेला दगड बांधामागे कायमचा सांभाळायचा. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात माउंट पॉली खाणीचा असाच बांध ४ ऑगस्ट २०१४ ला फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ वाहून गेला. पेबलला तर अपघाताचीही गरज नाही: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाने, कंपनीच्या २०२० च्या आराखड्याप्रमाणे नुसती खाण उभारली आणि चालवली, तरी सुमारे १६० किलोमीटर लांबीचे ओढे नष्ट होतात.

‘लहान’ म्हणाल, तर अर्ज वीस वर्षांचा होता. पण २०२० मध्ये गुंतवणूकदार म्हणून भासवलेल्या मंडळींसमोर कंपनीचे वरिष्ठ कितीतरी मोठ्या विस्ताराबद्दल बोलले. ते चित्रण बाहेर आलं आणि पेबलच्या मुख्याधिकाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला.

बाहेरचे कोण? २०१० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेकडे संरक्षण मागायला गेल्या त्या याच खोऱ्यातल्या सहा मूलनिवासी जमाती. त्यांच्या घरांत वर्षभराचा सॅमन उन्हाळ्यात धुरावून, वाळवून ठेवतात. जानेवारी २०२३ मध्ये संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली या आराखड्याला मज्जाव केला. कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. हा मज्जाव टिकलाच पाहिजे.