बिब्बा उतला त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात मी स्कूटरवरून दोनदा पडलो. दोन्ही वेळा एकाच वळणावर, जिथे जून लागला की शेवाळ धरतं. आईने शेवाळ विचारातच घेतलं नाही. "तुका कोणाची तरी नजर लागली हा," असा निकाल लागला.

मालवणात पावसाळ्यात अंगाला काही बांधूच नये, असं माझं मत आहे. दंडावरचा काळा दोरा जूनमध्ये भिजतो तो दसऱ्यापर्यंत वाळत नाही. चार दिवसांत त्याला सुक्या बांगड्याचा वास सुटतो. ताइताच्या तांब्याला कळंक चढतो आणि दंडावर हिरवी रेघ उमटते. भुतं पळत असतील तर या वासानेच.

यंदा नुसता ताईत पुरणार नाही म्हणून आईने दोऱ्यात बिब्बा ओवायचं ठरवलं. बिब्बा सुका दिसला तरी त्याच्या सालीत काळं, जहाल तेल असतं. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला तेच वापरायचे, कितीही आपटलं तरी जात नाही म्हणून. आईने सुई गॅसवर लाल केली आणि चर्रकन आरपार घातली. म्हणजे तेलाला वाटच करून दिली. वर माझा घाम.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. दंडभर फोड, आणि खाज अशी की बँकेच्या रांगेत मी म्हशीसारखा खांबाला दंड घासत होतो. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर खूण उठली ती उठलीच.

डॉक्टरांनी दोरा कापला, मलम दिलं. आईला वेगळंच दिसलं: "बघ, केवढी मोठी नजर! बिब्बो होतो म्हणान दंडार निभावला." तिने फोडांवर खोबरेल चोपडलं. (त्याने बरं वाटलं. तिला सांगितलेलं नाही.)

तिन्हीसांजेला दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या. निखाऱ्यावर टाकल्यावर ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. आमच्या मिरच्या डब्यात सादळून चामड्यासारख्या झालेल्या. त्या पडल्या, जरा फुसफुसल्या आणि निखाराच विझला. कोणी साधं शिंकलंही नाही.

"बघलंस?" आई म्हणाली. मग आठवड्याभरात घरी येऊन गेलेल्यांची नावं एका हाताच्या बोटांवर मोजत, दुसऱ्या हाताने ती दोऱ्याचं रीळ शोधू लागली.