एकट्या ‘जी’वरून बास्करव्हिल ठरत नाही, हे मान्य

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. छापील पानावरून इंग्रजी फॉन्ट कसा ओळखावा, या लेखात ‘लहान जीचं (g) खालचं पोट उघडं दिसलं की समजा बास्करव्हिल’ असं मी लिहिलं होतं. तुमच्या पुस्तकात जी तसाच आहे, पण फॉन्ट निघाला मिसेस ईव्ह्ज. शिवाय, मोबाइल फोटोवरून नाव सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

जीबद्दल चूक माझीच. वाक्य फार ठाम झालं. मिसेस ईव्ह्ज हा झुझाना लिच्को यांनी १९९६ मध्ये बास्करव्हिलवरूनच बेतलेला फॉन्ट (नावही मूळ बास्करव्हिल घडवणाऱ्या जॉन बास्करव्हिल यांच्या पत्नीचं, सारा ईव्ह्ज यांचं), त्यामुळे उघडा जी त्यात आलाच. पण त्याच पानावर लहान एक्स कॅपिटल एचशेजारी ठेवून बघा, मिसेस ईव्ह्जमध्ये तो चांगलाच बुटका आहे. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही, चार शितं चेपून बघावी लागतात. आणखी एक सांगायचं राहिलं होतं. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये बारीक रेघ उडते आणि टाइम्स फॉन्टचा बंद जीसुद्धा उघडा भासतो. अशा वेळी जी सोडून कॅपिटल ई बघावा. बास्करव्हिलमध्ये त्याचा खालचा हात वरच्यापेक्षा लांब असतो. कॅस्लन या फॉन्टची शंका असेल तर कॅपिटल ए बघा, त्याच्या शेंड्याचा टवका काढल्यासारखा दिसतो.

मोबाइलचं मात्र मला पटत नाही. वर्डमधला गॅरामाँड फॉन्ट घ्या. तो मोनोटाइप या कंपनीचा. छपाईच्या ज्या खिळ्यांवरून तो बेतला, ते पॅरिसच्या सरकारी छापखान्यात सोळाव्या शतकात अक्षरं कोरणाऱ्या क्लोद गॅरामाँ यांच्या नावावर जमा होते. १९२६ मध्ये बिअॅट्रिस वॉर्ड या मुद्रण-अभ्यासक महिलेने झाँ जानाँ या दुसऱ्या अक्षर कोरणाऱ्याच्या १६२१ च्या नमुनापुस्तिकेशी ताडून दाखवलं, की हे वळण जानाँचं आहे, गॅरामाँनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी कोरलेलं. रॉबर्ट स्लिमबाख यांचा १९८९ चा अडोबी गॅरामाँड मात्र खऱ्या गॅरामाँवर बेतलेला. मोबाइलने ‘गॅरामाँड’ एवढंच सांगितलं, तर कोणाचं वळण आहे ते कळलंच नाही. लहान एम आणि एनच्या डाव्या खांद्यावरची सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाची छोटी शेपटी, बघा. मोनोटाइपची तीव्र उताराची, टोकदार, अडोबीची शांत. तिरप्या अक्षरांत तर मोनोटाइपचा कल अक्षरागणिक बदलतो, आणि मला ते फार आवडतं.

पाटीवर हिंदी वळणाचा ‘ल’ किंवा ‘श’ आला की आपल्याला लगेच खटकतो ना? तो डोळा आपल्याला कुणी शिकवलेला नाही, वाचून वाचून तयार झालाय. रोमन अक्षरांसाठीही तो असाच तयार होतो.

मूळ लेखातलं जीचं वाक्य आज बदललंय. तुमच्या पुस्तकाचं एक पान सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठवाल का? त्यात एखादा कॅपिटल क्यू असेल तर फारच उत्तम.