नानांचा परम सद्भाव

चार दिवस झाले, तळमजल्यावरच्या नानांशी मी बोललेलो नाही.

पावसात पाणी तुंबणारं दादरचं हिंदमाता म्हटलं की मुंबईकराला पुढचं सांगावं लागत नाही. गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर विमा कंपनीचा सर्वेअर सोसायटीत आला. बॉनेटमध्ये डोकावत त्याने अगदी सहज विचारलं, "पाण्यात असताना स्टार्टर मारला होता?"

मी तोंड उघडणार, तोच गॅलरीतून आवाज आला.

"एकदा नाही, तीनदा!" हातात चहाची बशी घेतलेले नाना. "मी ओरडत होतो, अरे नको मारू, इंजिनात पाणी जाईल! ऐकतोय कुठे!"

सर्वेअरने माझ्याकडे पाठ फिरवली. "पाणी किती होतं, काका?"

नाना लेंगा सावरत खाली आले आणि भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला बोट लावलं. "हे इथवर. तिसऱ्यांदा तर आतून 'खट्' झालं. सूनबाईंनीही ऐकलं." मागे उभ्या माझ्या बायकोने मान डोलावली!

सर्वेअरने 'खट्' लिहून घेतलं. हो, 'खट्' असंच.

झालं. गाडी भिजली ती पुराने, इंजिन गेलं ते माझ्या किल्लीने. विम्याच्या भाषेत नुकसानीचं 'निकटचं कारण', म्हणजे थेट कारण, मी; म्हणून इंजिनाचे पैसे नाहीत. इंजिनाचं जादा कव्हर गेल्या वर्षी मीच चारशे रुपये वाचवायला काढून टाकलं होतं, हे बायको आता रोज ऐकवते. बाकी प्लास्टिक-रबराला पन्नास टक्के घसारा. काचेला घसारा नाही, पूर्ण पैसे. आख्ख्या गाडीत शाबूत राहिली ती काच.

विमा परम सद्भावावर चालतो, काही लपवायचं नसतं. 1766 साली लंडनचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हे सांगितलं, तेही सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्यावरून. किल्ला कच्चा होता, हे विमा देणाऱ्याला सांगितलं नव्हतं, पुढे तो फ्रेंचांनी घेतला, तरी निकाल विमा काढणाऱ्याच्या बाजूने लागला! त्या किल्ल्याला तळमजला नसावा.

आणि सद्भाव दोन्हीकडून हवा म्हणे. पॉलिसी विकताना एजंट तासभर बसला, दोन चहा प्यायला, पण पाण्यात किल्ली फिरवू नका एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. ते छापलंय म्हणे, आतल्या पानावर. मुंगीएवढ्या अक्षरात.

काल जिन्यात नाना भेटले. "क्लेम पास झाला ना रे? मी सगळं व्यवस्थित सांगितलंय त्याला."